वयाच्या २६व्या वर्षी बॉक्सिंग सुरू करून प्रोफेशनल बॉक्सर होता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वय २६, पुण्यात आयटीत नोकरी, वर्षभर जिममध्ये बॅग मारताय, रिंगमध्ये अजून उतरला नाहीत आणि दोन वर्षांत प्रो व्हायचं मनात आहे. त्यासाठी नोकरी सोडावी का, हेही विचारलंय. मी स्वतः कॉलेज संपल्यावर बॉक्सिंगला लागलो, राज्य स्पर्धेपर्यंत खेळलो आणि आता बरीच वर्षं संध्याकाळी शिकवतो. नोकरी लागल्यावर खेळाकडे वळलेली मुलं माझ्याकडे कायम असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रो होता येईल. वयाची त्याला आडकाठी नाही. मेडिकल करायचं, लायसन्ससाठी अर्ज करायचा आणि एखाद्या प्रमोटरला, म्हणजे पैसे लावून लढती भरवणाऱ्याला, चार राउंडच्या लढतीसाठी तुमच्या वजनाचा माणूस हवा असला की उभं राहायचं. मला काळजी वाटते ती याच गोष्टीची. आत शिरणं सोपं असल्यामुळे पुष्कळ जण तयारी नसताना शिरतात आणि आतली गणितं नंतर कळतात.

गावच्या जत्रेतल्या कुस्त्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथे जोड लावणारी जाणती माणसं असतात आणि जोड तोडीस तोड नसली तर बघणारेच आरडाओरडा करतात. प्रो बॉक्सिंगमध्ये जोड लावायचं काम मॅचमेकरचं असतं, पण तो बऱ्याचदा ती मुद्दाम विषम लावतो. प्रमोटरने ज्या पोरावर पैसे लावलेत त्याच्या नावापुढे विजय जमवायचे असतात आणि त्यासाठी समोर हरणारा माणूस लागतो. अमॅच्युअर, म्हणजे मानधनाशिवायच्या हौशी स्पर्धांतल्या, लढतींचा अनुभव नसलेला, २८ वर्षांचा, तिकिटं खपवू शकणारा मित्रपरिवार असलेला नवखा बॉक्सर ही मॅचमेकरला अगदी सोयीची निवड. इंग्लंडमध्ये असे हरणारे कसलेले बॉक्सर आहेत, त्यांना जर्नीमन म्हणतात. ते फारसा मार न खाता पॉइंटवर हरतात, पुढच्या आठवड्यात पुन्हा उभे राहतात आणि त्यावर घर चालवतात. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, कारण मार चुकवायला फार मोठं कसब लागतं. नवख्याकडे नेमकं तेच नसतं. शिवाय प्रत्येक प्रो लढत बॉक्सरेक या लढतींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर कायमची नोंदली जाते. पहिल्या चारपैकी तीन हरलात, तर पुढे तुम्हाला कोणत्या कामासाठी बोलावलं जाईल ते ठरून जातं.

आता उशिरा सुरू करून मोठे झालेल्यांबद्दल. ही नावं तुम्ही यूट्यूबवर ऐकलीच असतील आणि ती खरी आहेत. रॉकी मार्सियानो १९२३चा. बेसबॉलमध्ये जमलं नाही म्हणून १९४८पासून पूर्णवेळ प्रो बॉक्सिंग करू लागला, १९५२मध्ये हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात जड वजनगटाचा, जागतिक विजेता झाला आणि १९५६मध्ये ४९ लढती जिंकून, एकही न हरता निवृत्त झाला. डिऑन्टे वाइल्डर विसाव्या वर्षी, २००५मध्ये पहिल्यांदा बॉक्सिंग जिममध्ये गेला, तीन वर्षांत बीजिंग ऑलिम्पिकचं कांस्य घेऊन आला आणि २०१५मध्ये डब्ल्यूबीसी या जागतिक विजेतेपद देणाऱ्या संघटनेचा विजेता झाला. अँथनी जोशुआने अठराव्या वर्षी सुरुवात केली आणि २०१२ला लंडनमध्ये सुवर्ण जिंकलं.

पण ही तिन्ही नावं हेवीवेटची आहेत. त्या वजनात जगभर माणसं कमी असतात आणि एका ठोशात कौशल्यातली तूट भरून निघू शकते. ६० ते ७० किलोंत, जिथे आपल्याकडची बहुतेक मुलं येतात, तिथे वेग आणि टायमिंग चालतं आणि समोरचा मुलगा भिवानी किंवा इंफाळसारख्या बॉक्सिंगच्या गावात लहानपणापासून रिंगमध्ये वाढलेला असतो. मधल्या वजनातलं मोठं उदाहरण म्हणजे अर्जेंटिनाचा सर्जिओ मार्टिनेझ. त्यानेही विसाव्या वर्षी सुरुवात केली आणि २०१०मध्ये मिडलवेट विजेता झाला, पण त्याआधी तो सायकलिंग आणि फुटबॉल गंभीरपणे खेळत होता. आपल्या मेरी कोमचंही तसंच. डिंको सिंगच्या १९९८च्या बँकॉक एशियाडमधल्या सुवर्णानंतर मणिपुरात बॉक्सिंगची लाट आली, त्यात ती २००० साली बॉक्सिंगकडे वळली आणि पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत रौप्य जिंकलं. त्याआधी ती अॅथलेटिक्सच्या मैदानावर तयार झाली होती.

मला स्वतःला सगळ्यात जवळचं वाटतं ते कौर सिंग यांचं उदाहरण. पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यातला शेतकरी माणूस, सैन्यात भरती झाल्यावर तिथे बॉक्सिंग शिकला. १९८०मध्ये दिल्लीत मुहम्मद अलीबरोबर प्रदर्शनीय लढत खेळला आणि १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं. उशिरा सुरुवात करूनही हे कसं जमलं? सैन्यात सराव हीच ड्यूटी असते. जेवण, झोप, डॉक्टर, प्रशिक्षक, बरोबरीचे जोडीदार, सगळं एकाच आवारात. सुरुवातीला गेलेली वर्षं नंतरच्या रोजच्या तासांनी भरून काढता आली. तुमचे नऊ-दहा तास ऑफिसात आणि दीड-दोन हडपसर ते हिंजवडी रस्त्यावर जात असतील, तर वयापेक्षा हा हिशेब जास्त महत्त्वाचा आहे.

उशिरा आलेल्याचं नेमकं काय राहून जातं ते सांगतो, कारण बॅग मारून ते कधीच कळत नाही. ताकद येते, दम येतो, जॅब-क्रॉसही (पुढच्या हाताचा सरळ ठोसा आणि मागच्या हाताचा सरळ ठोसा) सुबक होतो. येत नाही ते समोरच्याचा ठोसा आधी ओळखणं. पुण्यातच आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या बॉइज कंपनीत ८ ते १४ वयाची मुलं निवडून घेतात. अशा मुलाने विशीत येईपर्यंत इतके ठोसे येताना पाहिलेले असतात की समोरच्याचा खांदा किंचित हलला, पुढच्या पायावर वजन गेलं, की त्याचं डोकं आपोआप रेषेतून बाजूला होतं. मोठेपणी सुरू केलेला माणूस पहिल्यांदा स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीला, उतरतो तेव्हा खांदे कानांपर्यंत चढलेले असतात, ठोसा आला की डोळे मिटतात, आणि श्वास तर तो घेतच नाही. दुसऱ्या राउंडच्या मध्यावर हात खाली येतात. त्याला वाटतं स्टॅमिना कमी पडला, म्हणून दुसऱ्या दिवशी तो आणखी पाच किलोमीटर पळतो. स्टॅमिना असतो, तो ताणात जळून गेलेला असतो.

यावर उपाय आहे आणि तो कंटाळवाणा आहे. पहिले काही महिने मी अशा मुलांना फक्त जॅबचं स्पारिंग देतो. १६ औंसांचे ग्लोव्ह्ज, हेडगार्ड, दातांसाठी गमशील्ड. एकाने हलका जॅब टाकायचा, दुसऱ्याने तो उजव्या तळव्यावर झेलायचा किंवा बाहेर सरकून चुकवायचा, उलटून मारायचं नाही. मी ठोशांकडे बघत नाही. डोळे उघडे राहतात का ते बघतो आणि दोरीजवळ उभा राहून श्वास ऐकू येतो का ते ऐकतो. ज्या दिवशी नाकावर जॅब बसून डोळ्यांत पाणी आलं तरी त्याचा श्वास त्याच लयीत चालू राहतो, त्या दिवसापासून त्याचं बॉक्सिंग सुरू झालं असं मी धरतो. कुणाला हे लवकर जमतं, कुणाला वर्ष लागतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की प्रो हा शब्द तूर्त बाजूला ठेवा आणि अमॅच्युअर लढती जमवा. तुमचं वय एलिट गटात बसतं, तो १९ ते ४० असा आहे, म्हणजे वेळ आहे. जिल्हा संघटनेकडे नोंदणी, मग जिल्हा निवड चाचणी, मग राज्य स्पर्धा असा रस्ता आहे. एलिट गटात नवखे आणि मुरलेले एकत्र असतात, त्यामुळे थेट मोठ्या स्पर्धेत उडी मारू नका. आधी क्लबा-क्लबांतल्या लढती आणि छोट्या खुल्या स्पर्धा शोधा. चांगला प्रशिक्षक तुमच्या तोडीचा जोडीदार बघूनच उतरवतो. तीन मिनिटांचे तीन राउंड, एवढंच असतं, पण त्या नऊ मिनिटांत जे कळतं ते प्रशिक्षकाच्या हातातल्या पॅडवर वर्षभर ठोसे मारून कळत नाही. माझ्या मते अशा किमान पंधरा-वीस लढती झाल्याशिवाय प्रो लायसन्सचा विचार करू नये, आणि त्यांतल्या काही तुम्ही स्पष्ट जिंकलेल्या असाव्यात. आपल्याकडे मोठ्या मुलांना वर्षात मोजक्याच लढती मिळतात. म्हणजे तीन-चार वर्षं गेली. तुमची दोन वर्षांची योजना इथेच मोडते.

प्रोमध्ये काय बदलतं तेही लक्षात घ्या. अमॅच्युअरला १० किंवा १२ औंसांचे ग्लोव्ह्ज, प्रोला वेल्टरवेटपर्यंत (साधारण ६७ किलो) ८ आणि त्यावर १०. पदार्पण बहुधा चार राउंडचं, विजेतेपदाची लढत बारा राउंडची. पूर्वी ती पंधराची होती. १९८२मध्ये लास व्हेगासला रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या राउंडमध्ये कोसळलेला कोरियाचा किम ड्युक-कू काही दिवसांत गेला, त्यानंतर डब्ल्यूबीसीने बारा केले आणि बाकीच्यांनीही ते हळूहळू स्वीकारलं. सतत डोक्यावर मार बसून मेंदूवर होणाऱ्या परिणामांबद्दल हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरने १९२८मध्येच लिहून ठेवलंय. अमॅच्युअरमध्ये डोक्यावरच्या ठोशाने नॉकआउट झालात तर किमान ३० दिवस तुम्हाला सक्तीची विश्रांती असते. छोट्या प्रो शोमध्ये हे पथ्य पाळायची जबाबदारी बऱ्याचदा तुमच्यावर आणि तुमच्या प्रशिक्षकावरच येऊन पडते.

आणि डोक्याला बसणारा बहुतेक मार लढतीत नसतो, जिममध्ये असतो. शनिवार आला की एकमेकांना झोडपणारी जिम असेल तर ती सोडा, तिथलं वातावरण कितीही आवडत असलं तरी. पहिल्याच महिन्यात तुम्हाला जोरात स्पारिंगला उतरवणारा माणूस प्रशिक्षक नाही. नवीन ठिकाणी जाताना एकच विचारा: गेल्या राज्य स्पर्धेत इथून कोण खेळलं? उत्तर नाव घेऊन आलं, तो मुलगा तिथेच घाम गाळताना दिसला, तर थांबा. पुण्यात अशा जागा आहेत. मनोज पिंगळे १९८८च्या सोल ऑलिम्पिकला गेले ते याच शहरातून, आणि ती परंपरा संपलेली नाही. फिटनेससाठी बॉक्सिंग शिकवणाऱ्या चकचकीत जागांमध्ये काही वाईट नाही, पण तुम्हाला जे हवंय ते तिथे मिळणार नाही.

नोकरी सोडू नका. विजेंदर सिंग २०१५मध्ये प्रो झाला तेव्हा त्याच्या गळ्यात ऑलिम्पिक पदक होतं आणि मागे ब्रिटिश प्रमोटर होता. तुमच्या-माझ्यासारख्याला सुरुवातीची कित्येक वर्षं स्वतःच्या खिशातून घालवावी लागतात: मेडिकल, ग्लोव्ह्ज, प्रवास, आहार. जे मानधन मिळेल त्यातले साधारण १० टक्के प्रशिक्षकाचे, हा जुना रिवाज आहे, आणि मॅनेजर असेल तर त्याचा वाटा वेगळा. पगार आहे म्हणून तुम्ही वाईट जोडीला नाही म्हणू शकता. भाडं थकलं असेल तर येईल ती लढत घ्यावी लागते. शक्य असेल तर ऑफिसकडून ठरावीक वेळेची शिफ्ट मागून घ्या आणि घर, ऑफिस किंवा जिम यांतलं निदान एक अंतर कमी करा.

तुम्ही वजन लिहिलं नाहीत, डावखुरे आहात का तेही नाही. तालमीत किंवा कबड्डीत काही वर्षं गेली असतील तर तेही कळवा, त्याने उत्तर बरंच बदलतं. चष्म्याबद्दलही काही नाही. नंबर मोठा असेल किंवा लेझर ऑपरेशन झालेलं असेल तर पहिल्या स्पारिंगच्या आधी नेत्रतज्ज्ञाकडून पडदा नीट तपासून घ्या आणि तुम्ही बॉक्सिंग करणार आहात हे त्यांना स्पष्ट सांगा. त्यांनी नको म्हटलं तर मीसुद्धा नकोच म्हणेन.