मुलीच्या शिक्षणाचे पैसे हायड्रोजनच्या शेअरमध्ये घालावेत का?

आपण सांगलीहून लिहिले आहे की, एसटीच्या कार्यशाळेत सत्तावीस वर्षे मेकॅनिक म्हणून काढल्यावर डिझेलचे दिवस सरत आल्याचे आपल्याला दिसते आहे, आणि म्हणून पुढच्या महिन्यात मुदत संपणाऱ्या ठेवीचे 6 लाख रुपये हायड्रोजन क्षेत्रातल्या एका लहान कंपनीच्या शेअरमध्ये घालावेत, असा आपला विचार आहे. मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश मात्र दोन वर्षांवर आला आहे.

तंत्रज्ञानाबद्दलचा आपला अंदाज मला चुकीचा वाटत नाही. टाटा मोटर्सने मार्च 2025 मध्ये हायड्रोजनवरच्या 16 ट्रकांच्या चाचण्या सुरू केल्या, आणि केंद्र सरकारने हरित हायड्रोजन (अक्षय ऊर्जेच्या विजेवर पाण्यापासून बनवलेला हायड्रोजन) अभियानासाठी 19,744 कोटी रुपये मंजूर केले आहेत. खरी अडचण साठवणुकीची आहे. एक किलो हायड्रोजन मोकळा सोडला तर सुमारे 12 घनमीटर जागा व्यापतो. म्हणून टोयोटा मिराई या हायड्रोजनवर चालणाऱ्या कारच्या टाक्यांत जेमतेम साडेपाच किलो वायू 700 बार दाबाने, म्हणजे आपण बसच्या टायरमध्ये भरता त्याच्या ऐंशीपटींहून अधिक दाबाने, कोंबावा लागतो. तो दाब पेलणाऱ्या कार्बन फायबरच्या टाक्या आणि तसे पंप महाग आहेत, आणि गाड्या वाढेपर्यंत ते स्वस्त होणे कठीण आहे.

ही वाट पाहण्याची किंमत भागधारक मोजतो. अमेरिकेतील प्लग पॉवर या हायड्रोजन कंपनीचा शेअर जानेवारी 2021 मध्ये 70 डॉलरच्या वर होता, तो मे 2025 मध्ये 1 डॉलरच्या खाली आला. हायड्रोजन ट्रक बनवणाऱ्या निकोलाने फेब्रुवारी 2025 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. उद्या हायड्रोजनच्या बस धावल्या तरी आपण निवडलेली कंपनी तोवर टिकेलच असे नाही, आणि मुलीची फी तर ठरलेल्या दिवशीच भरावी लागेल.

म्हणून हे 6 लाख ठेवीतच राहू द्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. ठेव विमा एका बँकेत व्याजासह 5 लाखांपर्यंतच असल्याने दोन बँकांत विभागावेत. हायड्रोजनमध्ये वाटा हवाच असेल, तर पगारातून दरमहा हजार-दीड हजार निफ्टी इंडेक्स फंडात (निफ्टी निर्देशांकातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत पैसे विभागणाऱ्या म्युच्युअल फंडात) घालावेत, कारण या क्षेत्रात उतरलेल्या रिलायन्स, एनटीपीसी आणि लार्सन अँड टुब्रो त्यात आहेतच. ठेवीचे नूतनीकरण करताना करबचतीची पाच वर्षांची ठेव घेऊ नका, आणि मुदत प्रवेशाच्या आधीच्या मेपर्यंत संपेल, हे पावतीवर तपासून घ्या.