वाचकांचे प्रश्न: सागाचं वय ४१ की ३८?

प्रश्न: पोखरण रोड क्रमांक २ वरच्या आमच्या सोसायटीतला साग मे महिन्यातल्या वाऱ्यात कोसळला. बुंधा कापल्यावर वलयं मोजली. एका बाजूनं ४१ भरली, दुसऱ्या बाजूनं ३८. खरं वय कुठलं?
– एक वाचक, ठाणे

करवतीच्या खरखरीत कापावर मोजलं असेल तर दोन्ही आकडे सोडून द्या. झाड सागाचं आहे हे मात्र बरं झालं. साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो, पावसाच्या तोंडावर पालवतो आणि त्याच वेळी लाकडात मोठ्या छिद्रांची रांग तयार करतो. पाऊस सरता सरता छिद्रं बारीक होतात. बारीक छिद्रांनंतर एकदम मोठ्या छिद्रांची रांग लागली की तिथं नवं वर्ष सुरू झालं.

बुंध्याची चार-पाच सेंटीमीटर जाडीची चकती कापून सावलीत सुकवा. उन्हात टाकली तर ती तडकते आणि भेगेतली वलयं हातची जातात. मग पॉलिश पेपर: ८०, १२०, २२०, ४००, याच क्रमानं. मधला नंबर गाळायचा मोह होतो, पण ८० चे ओरखडे ४०० नं निघत नाहीत आणि भिंगाखाली ओरखडा नि बारीक वलय सारखंच दिसतं. छिद्रांत बसलेला भुसा ब्रशनं काढा. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे.

आता गाभ्यापासून सालीपर्यंत तीन दिशांना पेन्सिलीच्या रेषा मारा आणि सालीकडून आत मोजत चला, कारण सन ठाऊक असलेलं वलय बाहेरचंच आहे. झाड मे महिन्यात पडलं, म्हणजे सालीलगतचं पूर्ण वलय गेल्या पावसाळ्याचं. दर दहाव्या वलयावर एक ठिपका द्या, पन्नासाव्यावर दोन.

तीन वलयांची तफावत कुठून आली? पावसानं मध्येच ओढ दिली किंवा अळीनं पालवी फस्त केली, तर झाड थबकतं आणि पुन्हा वाढू लागतं. एकाच वर्षात खोटं वलय उमटतं. त्याची कड पुसट असते आणि बहुधा ते पूर्ण फेरी मारत नाही. उलटही घडतं: झाड कलतं असेल तर एका बाजूला वलयं इतकी निमुळती होतात की दोन एकात मिसळल्यासारखी दिसतात. म्हणून एका रेषेवरचा दहावा ठिपका धरून ते वलय पेन्सिलीनं चकतीभर फिरवा. दुसऱ्या रेषेवरच्या दहाव्या ठिपक्यावर आलात तर तिथवर सगळं ठीक. नवव्यावर किंवा अकराव्यावर आलात तर चूक त्या दहांतच आहे. मग पुढचा दशक. कंटाळवाणं काम आहे, पण तिन्ही रेषा जुळेपर्यंत आकडा कुणाला सांगू नये.

शिवाय तुम्ही काढलेलं वय कापाच्या उंचीवरचं आहे. गुडघ्याएवढ्या उंचीवर कापलं असेल तर रोपाला तिथवर पोचायला लागलेला काळ वर धरा.

प्रश्न: २६ जुलै २००५ च्या पावसाचं वलय जाड दिसेल का?
– एक वाचक, कळवा

नाही. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, पण मुळांच्या वाट्याला आलं ते माती झेलू शकली तेवढंच. बाकी वाहून गेलं. आपल्याकडे जुलैत झाडाला पाणी सहसा कमी पडतच नाही. मातीतली ओल किती आधी सुरू झाली नि किती उशिरापर्यंत टिकली, याला जास्त महत्त्व. ठाणे परिसरातल्या सागाची वलयं आणि हवामान यांचा अभ्यास पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच केला आहे. असा अभ्यास एका झाडावर होत नाही. शेजारच्या फांद्या तोडल्या आणि ऊन मिळालं, एवढ्यानंही वलय रुंदावतं. अनेक झाडांत एकाच साली तेच दिसलं, तरच ते हवामानाचं.

प्रश्न: खाडीकाठच्या तिवराची आणि नारळाची वलयं मोजता येतात का?
– एक वाचक, ऐरोली

तिवराच्या खोडात वलयं सुरेख दिसतात आणि हमखास फसवतात. त्यात वाढीचे थर एकामागून एक नव्यानं तयार होतात. एक थर म्हणजे एक वर्ष असा हिशेब नाही. नारळाला अशी वलयं नसतातच. खोडावरच्या आडव्या खुणा गळलेल्या झावळ्यांच्या आहेत, आणि वर्षाला अनेक झावळ्या गळतात.

प्रश्न: पुनर्विकासात आमची झाडं जाणार आहेत. उभ्या झाडाचं वय छिद्र पाडून काढावं का?
– एक वाचक, वाशी

वयाला महत्त्व आहे हे खरं. वृक्ष संरक्षणाच्या १९७५ च्या राज्य कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार ५० वर्षं वा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची असतात.

छिद्र पाडायचं हत्यार पोकळ असतं आणि साधारण ५ मिलिमीटर जाडीची लाकडाची कांडी काढतं. पण जखमेतून बुरशी शिरू शकते, कठीण लाकडात हत्यार अडकतं आणि गाभा पोकळ असेल तर हाती अर्धीच कांडी येते. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय आणि जाणकाराशिवाय या वाटेला जाऊ नका. आधी कागद शोधा: इमारतीचा भोगवटा दाखला, गच्चीवरून काढलेले जुने फोटो, सोसायटीच्या खर्चाच्या वह्यांतली रोपांची नोंद. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. त्यामुळे तिच्या नोडमधल्या, म्हणजे आखीव वसाहतीतल्या, रस्त्याकडेला लावलेलं झाड कोणी ९० वर्षांचं सांगत असेल तर पुरावा मागा. मूळ गावठाणातल्या वडा-पिंपळाची गोष्ट निराळी.

नुसत्या घेरावर विसंबू नका. जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर मोजून ३.१४ नं भागलं की व्यास मिळतो, वय नाही. वर्षावृक्ष झपाट्यानं फुगतो. तेवढ्याच घेराचा साग त्याच्यापेक्षा कितीतरी वयस्क असू शकतो.