‘खुडूक’ कोंबडी म्हणजे आजारी कोंबडी नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘आमची कोंबडी खुडूक झाली, असं गावाकडून कळलं. खुडूक म्हणजे आजारी की म्हातारी? आणि हीच रवणीला बसलेली कोंबडी का?’

आजारीही नाही आणि म्हातारीही नाही. अंडी घालायची थांबून ती उबवायची ओढ लागलेली कोंबडी म्हणजे खुडूक. खुराड्यातून उठत नाही, हात नेला की पिसं फुलवून टोचायला येते आणि घशातून ‘खुडुक खुडुक’ करते. शब्द त्या आवाजावरूनच आला असावा. हिंदीतही अशा कोंबडीला ‘कुडक’ म्हणतात. ‘खुडणे’शी त्याचं नातं जोडू नये.

रवण ही पुढची पायरी. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली एकही अंडं नसू शकतं. काही तर रिकाम्या पाटीत नुसत्या ठाण मांडून बसतात. तिच्याखाली अंडी ठेवली की ती रवणीला बसली. खुडूक ती आपली आपण होते, रवणीला आपण बसवतो. काही ठिकाणी ‘रवण’ हा शब्द अजून कानावर येतो, काही ठिकाणी ‘अंड्यांवर बसवली’ एवढ्यावर भागतं.

हा फरक निव्वळ शब्दांचा नाही. पिल्लं नको असतील तर खुडूक मोडावी, म्हणजे तिची उबवायची ओढ घालवावी लागते, कारण तोवर अंडी बंद. त्यासाठी कोंबडीला पाण्यात बुचकळतात, नाकपुडीत पीस खुपसतात. हे प्रकार क्रूर आहेत. तळाला जाळी असलेल्या हवेशीर, उजेडाच्या पिंजऱ्यात दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवली, की पोटाखाली ऊब साठत नाही आणि ती बहुधा आपणच भानावर येते.

रवणीला बसवायची तर अंधारी, कोरडी, मांजर-मुंगुसापासून सुरक्षित जागा हवी. पाटीत पेंढा, आणि बसवण्याआधी पिसांत उवा नाहीत ना ते पाहावं. उवांनी हैराण झालेली कोंबडी रवण अर्ध्यावर सोडते. गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. सगळी एकाच दिवशी ठेवायची, नाहीतर पहिली पिल्लं निघाली की ती त्यांच्यामागे उठून जाते आणि मागाहून ठेवलेली अंडी वाया जातात. अंडी ती स्वतः चोचीने फिरवते, आपण हात लावायची गरज नाही. दिवसातून एकदा उठते, दाणे खाते, पाणी पिते, मातीत लोळते आणि एक भलीमोठी, भयंकर वासाची विष्ठा टाकते. पाहणाऱ्याला वाटतं पोट बिघडलं. तसं काही नसतं. पंधरा-वीस मिनिटांत परतली तर काळजी नको. उठतच नसेल तर अलगद उचलून दाण्यांपाशी न्यावी, मात्र पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना ते आधी चाचपावं.

सातव्या-आठव्या दिवशी रात्री अंडं मोबाईलच्या टॉर्चवर धरावं. लाल शिरांचं जाळं आणि मधे काळा ठिपका दिसला तर गर्भ धरलाय. नितळ दिसलं तर काढून टाकावं. २१ दिवसांनी पिल्लं निघतात, शेवटचे तीन दिवस अजिबात छेडू नये. बदकाची अंडी ठेवली तर २८ दिवस लागतात.

वनराजा, गिरिराज या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणून त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवतात किंवा यंत्रात. सरकारी पाटीवर तर ‘अंडी उबवणी केंद्र’ असतं, तिथे रवण शब्दाला जागाच नाही. खुडूक मात्र माणसांतही शिरला आहे: घराबाहेर न पडणाऱ्याला ‘काय खुडूक कोंबडीसारखा बसलायस?’ असं विचारतात.

जाता जाता, कोंबडी अंडी ‘देत’ नाही, ‘घालते’. आणि पिल्लं ‘काढते’.