अवकाशात जाऊन आलेले बियाणे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अवकाशात हवा नाही, गारठाही भयंकर. तिथे ठेवलेले बी मरत कसे नाही? – वाचक, सोलापूर

उत्तर : कारण ते आधीच नीट सुकवलेले असते. ओलावा ५ ते ७ टक्क्यांवर आला की पेशींतला द्रव काचेसारखा घट्ट होतो आणि श्वसन जवळजवळ थांबते. अशा बियाण्याला निर्वात सोसते, थंडीही सोसते. बियाणे जपून ठेवणाऱ्या जनुकपेढ्यांत तर ते मुद्दाम उणे १८ अंशांवर ठेवतात.

घात करते ते ऊन. वर अतिनील किरण अडवायला वातावरण नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेर २००८-०९ मध्ये तंबाखू आणि मोहरीच्या कुळातली अरॅबिडॉप्सिस यांच्या २,१०० बिया दीड वर्ष उन्हात होत्या. परत आणून पेरल्यावर २३ टक्के बियांची रोपे झाली. नुसत्या तंबाखूची ४४ टक्के. अतिनील किरण शोषणारी द्रव्ये ज्या बियांत नव्हती, त्या जास्त मेल्या. उन्हाआड ठेवलेल्या बिया मात्र उशिरा का होईना, सगळ्या जगल्या.

हा उशीर लक्षात ठेवा. वैश्विक किरणांतले जड कण आडोसा भेदून बियाण्यात शिरतात आणि डीएनए तोडतात. कोरड्या बियाण्यात दुरुस्ती चालत नाही, तिला पाणी लागते, त्यामुळे इजा साचत जाते. बी भिजले की पेशी आधी डागडुजी करते, मग विभागते. कोठीत जुने झालेले बी सुस्त उगवते तेही याच कारणाने. २०१५-१६ मध्ये रॉकेट या पालेभाजीचे २ किलो बी सहा महिने स्थानकाच्या आत राहिले. ब्रिटनमधल्या शाळांनी ते पेरले. उगवले, पण वाढ मंद होती. आधी जोम जातो, उगवणक्षमता नंतर.

प्रश्न : आमचे महाविद्यालय फुग्यातून मुगाचे बी ३० किलोमीटर उंचीवर पाठवणार आहे. तपासणी कशी करावी? – विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : आधी अपेक्षा बेताची ठेवा. फुगा वर काही तासच राहतो, तेवढ्यात किरणांची मात्रा अगदी थोडी मिळते. फरक दिसला तर पहिला संशय उष्णता आणि ओलाव्यावर घ्या.

एकाच हंगामाचे, एकाच लॉटचे बी ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा, नीट मिसळा आणि मग त्याचे दोन भाग करा. दोन्ही भाग सारख्याच हवाबंद पाकिटांत भरा. तुलनेसाठीचे, वर न जाणारे दुसरे पाकीट कपाटात ठेवून देणे ही नेहमीची चूक. तेही त्याच गाडीतून न्या-आणा, फक्त फुग्याला बांधू नका. उन्हात उभ्या गाडीत दोन दिवस राहिलेले बी अवकाशापेक्षा जास्त बिघडते, म्हणून दोन्हींसोबत तापमान नोंदवणारे यंत्र हवेच.

उगवण चाचणीला प्रत्येक पाकिटातून १०० बियांचे चार संच घ्या. ओल्या कागदाच्या गुंडाळीत २५ अंशांवर ठेवा. कागदातून पाणी ठिबकत असेल तर बी कुजते. पाचव्या दिवशी पहिली मोजणी, सातव्या दिवशी शेवटची. जोमातला फरक पाचव्या दिवशीच दिसतो. सातव्या दिवसापर्यंत मागे पडलेलीही गाठतात. सर्वसाधारण रोपे, विकृत रोपे आणि मेलेले बी वेगवेगळे मोजा. मुगात न भिजणारे कुचर दाणे असतात, त्यांना मेलेल्यांत धरू नका. रोपांची लांबीही मोजा.

प्रश्न : ‘अवकाशातून आलेले, भरघोस उत्पादन देणारे’ बियाणे घ्यावे का? – शेतकरी, अकोला

उत्तर : केवळ त्या नावावर नको. किरणांनी होणारे बदल दिशाहीन असतात, बहुतेक निरुपयोगी किंवा अपायकारक. शिवाय बरेच अप्रभावी, म्हणजे पहिल्या पिढीत दडून राहणारे, असल्याने दुसऱ्या पिढीत उघड होतात. चीन १९८७ पासून बियाणे अवकाशात पाठवतो, २००६ मध्ये त्यासाठी शिज्यान-८ हा खास उपग्रह सोडला, आणि तिथून गव्हाचे लुयुआन ५०२ हे वाण आले. पण ते घडले अनेक पिढ्यांच्या निवडीतून. अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांच्या २०२५ च्या मोहिमेत केरळचे भात, चवळी, तीळ, वांगी, टोमॅटोचे बी गेले होते. तेही अनेक पिढ्या लावून पाहायचे आहे.

मात्रेचाही विचार करा. स्थानकावर सहा महिन्यांत साधारण ०.१ ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) किंवा कमीच मिळते. भुईमुगाच्या पैदाशीत गामा किरण शेकडो ग्रेपर्यंत देतात. उत्परिवर्तनातून, म्हणजे डीएनएतल्या बदलातून, आलेले वाण हवे असेल तर ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि तुमच्या अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेले भुईमुगाचे टॅग-२४ डोळ्यांसमोर आहे. पाकिटावर अधिसूचित वाणाचे नाव, लॉट क्रमांक आणि चाचणीची तारीख नसेल तर ते घेऊ नका.