काचबिंदूचे थेंब २० दिवसांत का संपतात?

तुमचा प्रश्न असा: बाबांना काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत रात्री लॅटानोप्रोस्ट, सकाळ-संध्याकाळ टिमोलोल. 'दिसण्यात काही फरक नाही' म्हणून ते टाळाटाळ करतात, तरी लॅटानोप्रोस्टची बाटली २० दिवसांत संपते.

आधी बाटलीचं बघू. २.५ मिलीत साधारण ८० थेंब निघतात. रात्री दोन लागतात, म्हणजे महिना आरामात निघायला हवा. तुमच्याकडे रोज चारेक जातायत, बहुतेक निम्मे गालावर. आणि डोळ्यात एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही, त्यामुळे 'अजून एक असू दे' म्हणजे नुसते पैसे वाया.

बाबांना आडवं झोपवा. खालची पापणी बोटाने ओढली की आत खोबण होते, थेंब त्यात. थेट बुबुळावर पडला की डोळा गच्च मिटतो. हात थरथरत असेल तर बाटलीचा हात कपाळावर टेकवा. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका, जंतू आत जातात. मग डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. टिमोलोलला तर हे हवंच, कारण ते तिथल्या नळीतून नाकात आणि तिथून रक्तात जातं. दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर ते धोक्याचं ठरू शकतं. बाबांना यातलं काही असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. दोन औषधं लागोपाठ असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं.

एखाद्या रात्री राहिलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नको. लॅटानोप्रोस्ट दिवसातून एकाहून जास्त वेळा घातलं तर परिणाम उलट कमी होतो.

बाबा म्हणतात ते खोटं नाही. हे थेंब नजर सुधारत नाहीत; डोळ्यातलं प्रेशर उतरवून उरलेली नजर टिकवतात. गेलेली परत येत नाही. समजावून उपयोग होत नसेल तर फील्ड टेस्टचा (नजर आजूबाजूला कुठवर पोचते त्या तपासणीचा) कागद समोर ठेवा आणि त्यातला काळा भाग, म्हणजे गेलेली नजर, दाखवा.

तपासणीआधी दोन दिवस नेमाने घालून जाणारे पुष्कळ असतात. प्रेशर छान भरतं, फील्ड मात्र खराब होत जातं आणि डॉक्टर औषध वाढवतात. किती वेळा चुकलं ते खरं सांगा. दोन्ही औषधं एकाच बाटलीत, दिवसातून एकदाच घालायची अशीही मिळतात. बाबांना चालतील का, तेही त्याच वेळी विचारून घ्या.