खेळत असतानाच अभ्यासाला लाग

आइस हॉकी व्यावसायिक पातळीवर खेळून पुढे प्राध्यापकी करता येईल का, असं तू विचारलंस. येईल, पण तयारी निवृत्तीनंतर सुरू करू नकोस.

कॅनडाचे आइस हॉकीपटू केन ड्रायडन यांचं बघ. 1964 मध्ये बॉस्टनच्या व्यावसायिक संघाने त्यांना निवडलं, मग त्यांना खेळवण्याचे हक्क मॉन्ट्रियलच्या संघाकडे गेले; तरी ते आधी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात इतिहास शिकले, 1969 मध्ये पदवीधर झाले. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचे गोलरक्षक म्हणून सहा स्टॅन्ली कप (व्यावसायिक आइस हॉकीचं सर्वोच्च विजेतेपद) जिंकले आणि त्याच काळात मॅकगिल विद्यापीठातून कायद्याची पदवी मिळवली. मानधनावरून संघाशी बिनसलं, तेव्हा 1973-74 चा अख्खा हंगाम सोडून ते टोरँटोत वकिलीची उमेदवारी करत राहिले. मला त्यांच्या कपांपेक्षा हे वर्ष मोठं वाटतं. 1979 मध्ये, एकतिसाव्या वर्षी, निवृत्ती. पुढे लेखन, मंत्रिपद, मॅकगिलमध्ये अध्यापनही.

आता तुझं. कॅनडात मेजर ज्युनियर (तरुण खेळाडूंची सर्वोच्च पातळीची लीग) खेळलेल्यांना पूर्वी अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचं दार बंद असे. ऑगस्ट 2025 पासून ते उघडलंय. तरी मेजर ज्युनियर संघाशी करार करताना, सही करण्याआधी, त्यातली शिष्यवृत्तीची कलमं नीट वाच: खेळलेल्या एका हंगामामागे शिक्षणाची किती फी मिळते, व्यावसायिक करार झाला तर ती राहते का, कधीपर्यंत वापरायची. डोक्याला मार बसला तर लपवू नकोस, पुढे त्याच डोक्याने प्रबंध लिहायचाय. सत्रात एकच विषय घे, पण पूर्ण कर. कोणता घेतोस, ते मला नक्की कळव.