मिसळणाचा डबा फडताळात ठेवा!

मागच्या महिन्यात या पानावर मी जाता जाता लिहून गेले, की इटालियन टोमॅटो सॉसला आपल्या टोमॅटोच्या सारापेक्षाही कमी सामान लागतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी लोणच्याचे प्रश्न बाजूला ठेवावे लागले. लोणचेवाल्यांनी रागावू नये, कैऱ्यांना अजून वेळ आहे.

लातूरच्या एका ताईंचं पत्र: मुलगा पुण्याला शिकायला आहे. सुट्टीत आला की लाल पास्ता मागतो. मी मोहरी-जिऱ्याची फोडणी करते, कांदा, आलं-लसणाची पेस्ट, टोमॅटो, थोडा गरम मसाला आणि शेवटी बाटलीतला सॉस घालते. तो म्हणतो, “आई, हे पावभाजीसारखं लागायलंय.” माझं चुकतंय कुठं?

ताई, पोराची जीभ तल्लख आहे. तुम्ही पावभाजीच करायलात, फक्त भाज्या घालायच्या राहिल्यात.

माझंही असंच झालं होतं. माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. त्याच्या हाताखाली, खरं तर डोक्यावर, नेपल्सकडचा एक म्हातारा आचारी होता. भाऊ सुट्टीवर अंबाजोगाईला आला तेव्हा मी मोठ्या हौसेनं कढई चढवली. तेल तापलं, माझा हात सवयीनं मोहरीकडं गेला. भावानं मिसळणाचा डबा उचलला, झाकण लावलं आणि फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवला. म्हणाला, “आता खाली बस आणि नुसतं बघ.” मला राग आला. पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या फळीवर आहे. हा सॉस काही घालून होत नाही, आटवून होतो. बासुंदीत आपण काय घालतो? दूध आणि साखर. बाकी सगळी आच आणि तुमचं लक्ष.

चौघांना 1 किलो टोमॅटो घ्या. बाजारातले कडक सालीचे अंडाकृती टोमॅटो यासाठी बरे, त्यांत गर जास्त नि पाणी कमी. गावरान टोमॅटो चवीला फार छान, पण आंबट आणि पाणीदार, म्हणून निम्मे-निम्मे घेतले तर उत्तम. लालबुंद पिकलेलेच हवेत. कच्चट असतील तर दोन दिवस टोपलीत ठेवा, फ्रीजमध्ये नाही. फ्रीजमध्ये त्यांचा वास मरतो.

साल काढायला दोन वाटा आहेत. खालच्या बाजूला फुलीसारखी चीर देऊन उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाका, लगेच गार पाण्यात काढा, साल कागदासारखी सुटते. मी मात्र आडवे दोन तुकडे करते आणि खिसणीवर घासते. गर खाली पडतो, साल तळहातात उरते. बिया काढून टाकू नका, त्यांच्याभोवतीच्या त्या बुळबुळीत गरातच चव जास्त असते. आणि मिक्सर नको. त्यात हवा भरते, रंग लालाचा गुलाबी-केशरी होतो, बिया भरडल्या गेल्या तर कडसर लागतं. कुकरच्या दोन शिट्ट्याही नकोत. आपल्याला पाणी घालवायचंय, आणि कुकर तर ते कोंडून ठेवतो.

भांडं पसरट घ्या, स्टीलची लंगडी किंवा कल्हई असलेलं पितळी पातेलं. लोखंडी कढईत टोमॅटोचा आंबटपणा लोखंडाला लागतो. मी एकदा केला, काळपट झाला आणि खिळा चोखल्यासारखी चव आली.

आता जरा जवळ या. चार मोठे चमचे तेल गार भांड्यातच ओता, लसणाच्या चार पाकळ्यांचे पातळ काप त्यात टाका आणि मग मंद आच लावा. ठेचायचा नाही, पेस्ट तर नाहीच. ठेचला की लसूण तिखट होतो, कापला की सौम्य राहतो. थोड्या वेळानं कापांभोवती बारीक बुडबुडे येतात, कडा किंचित पारदर्शक होतात, वास घरभर जातो. आपल्या डोळ्यांना वाटतं, अजून झालाच नाही. हाच तो क्षण. तांबूस होण्याची वाट बघितलीत तर कडू झाला म्हणून समजा, आणि तो कडूपणा नंतर कशानंही झाकत नाही. लगेच टोमॅटो ओता, सपाट एक चमचा मीठ घाला. झाकण ठेवायचं नाही.

पहिली दहा मिनिटं नुसतं खदखदणारं लाल पाणी दिसेल आणि तुम्हाला माझी शंका येईल. विसाव्या मिनिटाला बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, फुटताना ओट्यावर शिंतोडे उडवतात. आच कमी करा. पस्तीस-चाळीस मिनिटांनी उलथनं तळातून ओढा. वाट उघडी राहिली, दोन्हीकडचा सॉस लगेच धावून आला नाही आणि कडेला तेल सुटलं, म्हणजे झाला. किलोचा जवळपास निम्मा उरतो. आता चाखा. फार आंबट असेल तर चिमूटभर साखर. साखर आंबटपणा झाकते, घालवत नाही. घालवायचाच तर अगदी नखभर खायचा सोडा, सॉस फेसाळून खाली बसतो. त्याहून जास्त घातलात तर साबण लागेल.

राहिला बाटलीतला सॉस. आपण ज्याला सॉस म्हणतो तो केचप. त्यात साखर, व्हिनेगर आणि मसाले असतात. समोशाबरोबर मी आवडीनं खाते. यात घालू नका.

रेणापूर तालुक्यातून एका वाचकांनी विचारलंय: पास्ता उकडायला 100 ग्रॅमला एक लिटर पाणी आणि नंतर ओतून द्या, असं पाकिटावर आहे. आमच्याकडं हे कसं परवडावं?

भाऊ, 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा प्रश्न पडणारच. इटलीतली जुनी रीत तशीच आहे, पण 400 ग्रॅम पास्ता अडीच लिटरमध्येही नीट शिजतो. पाण्याला खळखळून उकळी आणा, अडीच लिटरला चार सपाट छोटे चमचे मीठ घाला, आणि पहिली दोन मिनिटं ढवळत राहा, नाहीतर एकमेकांना चिकटतो. पाकिटावर दहा मिनिटं लिहिलं असेल तर आठव्या मिनिटाला एक तुकडा चावून बघा. मधे बारीक कणी लागली पाहिजे. मग तो पळीभर पाण्यासकट सॉसमध्ये टाका आणि दोन मिनिटं मोठ्या आचेवर परता. त्या पाण्यात पिठाचा अंश उतरलेला असतो, त्यानं सॉस पास्त्याला धरतो. पाणी कमी घेतलं तर ते जास्त दाट होतं, म्हणजे तुमची काटकसर इथं फायद्याचीच. उरलेल्या पाण्यात कणीक भिजवा, फक्त वेगळं मीठ घालू नका.

पाकीट घेताना रव्याचा पास्ता बघून घ्या, मैद्याचा गिळगिळीत होतो. तो रवा असतो ड्युरम गव्हाचा, आणि आपला बन्सी गहू त्याच जातीचा. दक्षिण इटलीतल्या बारी शहरात बायका गल्लीत टेबल मांडून अंगठ्यानं पिठाचे छोटे कान वळतात, त्यांना ओरेक्किएत्ते म्हणतात. रुखवतासाठी नखुल्या वळणाऱ्या बायकांना ते फोटो दाखवा. माझ्या मावशीनं बघितल्या बघितल्या विचारलं, “कुणाचं लगीन हाय?”

परभणीहून: बेसिल इथं मिळत नाही. अंगणातली तुळस चालेल का? सासूबाई माळकरी आहेत.

सासूबाईंना विचारूच नका. धर्माचं राहू द्या, चवीनंही ती चालत नाही. आपल्या तुळशीला लवंगेसारखा उग्र वास असतो, सॉस काढ्यासारखा लागतो. पण उपाय तुमच्या किराणा दुकानात आहे. फालुद्यात घालतात तो सब्जा आणि इटालियन बेसिल, वनस्पतीची जात एकच. मूठभर सब्जा कुंडीत पेरा, वर मातीचा अगदी पातळ थर, आठवड्याभरात उगवतो. वास तंतोतंत तसा येत नाही, बडीशेपेकडं थोडा झुकतो, पण चुलत भाऊ आहे, परका नाही. पानं आच बंद केल्यावर हातानं तोडून टाका. उकळलीत तर काळी पडतील नि वास उडून जाईल. कोथिंबीर घालू का, असं पुढं विचारलंय. नको. मग परत पावभाजी.

पैठणहून: ऑलिव्ह तेल परवडत नाही. आणि चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो, तेव्हा काय करावं?

पहिल्याचं उत्तर करडई. घाण्याचं करडईचं तेल मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या खातात, परभणीच्या कृषी विद्यापीठानं तर ‘परभणी कुसुम’ नावाचं वाणच दिलंय. ऑलिव्हची ती किंचित कडसर हिरवी चव येणार नाही, पण टोमॅटोवर दादागिरीही करणार नाही. शेंगदाण्याचं घाण्याचं तेल मात्र या सॉसला जड होतं.

चातुर्मासाचा सॉस मी तर मुद्दाम करते. लोण्यात एक गाजर बारीक खिसून मंद आचेवर मऊ करा आणि मग टोमॅटो. गाजराचा गोडवा कांद्याची जागा घेतो, लोण्यानं आंबटपणाला गोलाई येते. घरचं लोणी फार आंबट असेल तर तूप चालेल, पण थोडंच, नाहीतर सगळा सॉस तुपाचा होऊन बसतो. कांदेनवमीपर्यंत मी लसणाचाच करते, एवढी काही मी सोवळी नाही.

नांदेडच्या ताई: टोमॅटो स्वस्त असतात तेव्हा वर्षभराचा करून बाटल्या भरून ठेवता येईल का?

इटलीत हेच करतात. ऑगस्टमध्ये सगळं घर जमतं, क्विंटलानं टोमॅटो येतात, उकडून गाळून बाटल्यांत भरतात आणि बाटल्या पिंपात उकळतात. आपलं उन्हाळी वाळवण तसंच. त्या गाळलेल्या रसाला पासाता म्हणतात.

मी ऐकीव माहितीवर बारा बाटल्या भरल्या होत्या, लिंबू न घालता, नीट न उकळता. तिसऱ्या आठवड्यात रात्री फडताळात धाडकन आवाज झाला. आम्हाला वाटलं मांजर. दार उघडलं तर भिंतीवर, डाळीच्या डब्यांवर आणि यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर लाल रंगपंचमी. उरलेल्या अकरा बाटल्या खड्डा करून पुरल्या, चाखूनसुद्धा बघितल्या नाहीत. तुम्हीही बघू नका. बाटली फुगली, फेस आला, वास बदलला, तर सरळ फेकायची. आणि एक विष असं असतं की त्याचा वासही येत नाही. कमी आंबट पदार्थ हवाबंद ठेवला की ते होतं, आणि आजचे काही टोमॅटो पुरेसे आंबट नसतात. म्हणून बाटल्या भरणारे अर्धा लिटरला मोठा चमचाभर लिंबाचा रस घालतात आणि बंद बाटल्या पाण्यात बुडवून अर्ध्या तासाहून जास्त उकळतात.

ही यातायात मी सोडली. आता वाटीवाटीनं छोट्या डब्यांत घालून फ्रीजरमध्ये टाकते, चार-सहा महिने चांगला राहतो. वीज दिवसभर गेली आणि डबा पूर्ण वितळला तर त्याच दिवशी संपवते, परत गोठवत नाही. भाकरीवर घालून वर कच्चा कांदा, असाच संपतो.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका शेतकरी आजोबांनी खडसावलंय: मागच्या हंगामात भाव पडला म्हणून क्रेट तसेच आडतीवर सोडून आलो, भाडंही निघालं नाही. आणि तुम्ही इटलीचे नखरे शिकवायलात!

आजोबा, राग कबूल. 2023 च्या जुलैत हाच टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा आम्ही बायका एक-एक मोजून घेत होतो, आणि हंगामात तुम्ही फेकत होता. हे कोडं कृतीनं सुटत नाही, मी तसा दावाही करत नाही.

पण टोमॅटो इटलीचाही नाही. तो अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात तिकडं पोचला आणि बराच काळ लोक त्याला भीत होते. तिथं त्याच्या सॉसची छापलेली पहिली कृती नेपल्सची, 1690 च्या दशकातली. निखाऱ्यावर भाजून सोललेले टोमॅटो, बारीक कांदा, मिरची, मीठ, तेल, व्हिनेगर. वाचून मला हसू आलं, ही तर आपली भाजलेल्या टोमॅटोची चटणी.

तुमच्या उपयोगाचं एक सांगते. इटलीच्या सिसिली बेटावर टोमॅटोचा गाळलेला रस मीठ घालून लाकडी फळ्यांवर पसरतात आणि कडक उन्हात आटवतात. दिवसातून चार वेळा हलवतात, संध्याकाळी दव पडायच्या आत घरात घेतात. तीन-चार दिवसांत वीटकरी रंगाचा लगदा होतो, दहा किलोंचा जेमतेम किलोभर. बरणीत दाबून वर तेलाचा थर दिला की टिकतो, आणि एक चमचा घातला की आमटीला पाच टोमॅटोंची चव येते. गॅस लागत नाही, आणि ऊन तर आपल्याकडं मार्चपासूनच फुकट. फळी नसेल तर परातीत करा, पण स्टीलच्या, वर जुन्या सुती साडीचा पदर ताणून बांधा. पहिल्या खेपेला पाच किलोच घ्या. राखणीला कुणीतरी बसवा, माझ्या गच्चीवर दुसऱ्याच दिवशी खारीनं हात मारला होता.